लागलं का बघ

"आई, स्क्रीनवर आता काय दिसतंय?"

"थांब, चष्मा लावते. निळं आहे सगळं. मधे एक चौकोन आहे, त्यात काहीतरी इंग्रजीत लिहिलंय."

"वाच ना."

"एन, ओ… नो सिग्नल."

"बरं. आता टीव्हीच्या रिमोटवर वर उजवीकडे बाणाचं बटण आहे ना, ते एकदाच दाब. दोनदा नको."

"दाबलं."

"लागलं का बघ."

बाबा गेल्यानंतरची तीन वर्षं आमच्या कितीतरी संध्याकाळी अशाच सुरू झाल्या. मी चिंचवडला, आई साताऱ्यात. लाइट गेली आणि आली की सेट टॉप बॉक्स स्वतःच्या मनानं कुठल्यातरी भलत्याच चॅनलवर जाऊन बसायचा. टीव्ही एका वाटेला, बॉक्स दुसऱ्या वाटेला. मग सातच्या मालिकेआधी पाच मिनिटं माझा फोन वाजायचा. मी डोळे मिटून आमचा साताऱ्याचा हॉल डोळ्यांपुढे आणायचे. खिडकीजवळची शोकेस, त्यावर टीव्ही, खालच्या कप्प्यात बॉक्स. आई एकेक अक्षर वाचायची, मी पुढचं बटण सांगायचे. घर तिचं, बोटं तिची, डोळेही तिचेच, माझा फक्त आवाज.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "चौकोन आहे, पण त्यात काय लिहिलंय ते सांगता येत नाही गं. बघायला गेलं की तेवढंच पुसतं. आजूबाजूचं सगळं दिसतं."

डॉक्टरांनी मॅक्युलर डिजनरेशन सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग अक्षरं वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, नेमकी त्याचीच झीज होते. कडेची नजर शाबूत राहते. त्यामुळे आई घरात न अडखळता फिरते, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करते, टीव्हीवर कोण आलं हे आवाजावरून आणि चालीवरून ओळखते. पण अक्षर गेलं. पेपर गेला, पोथी गेली आणि त्यांच्याबरोबर आमचा फोनवरचा खेळही संपला. बॉक्सला जे काही सांगायचं असतं ते तो फक्त पडद्यावर लिहून सांगतो. ते वाचणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करते. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात: व्हॉल्व्हला 'उघड' असं सांगितलं म्हणजे तो उघडला असं धरायचं नाही. व्हॉल्व्हवर लिमिट स्विच असतो. दांडा खरोखर शेवटपर्यंत सरकला की तो स्विच दाबला जातो आणि तिकडून निरोप येतो. तो निरोप येईपर्यंत पुढची पायरी घ्यायची नाही. हवेची नळी सुटलेली असेल, सील अडकलं असेल, काहीही असेल. सांगणं हे एक काम आणि झालं का ते बघणं हे दुसरं. दुसरं काम सोडलं की टाकी भरून वाहते.

टीव्हीच्या रिमोटला हे दुसरं काम येतच नाही. बटण दाबलं की त्याच्या टोकाचा छोटा एलईडी डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडात लुकलुकतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा, बऱ्याच फोनमध्ये तो जांभळट चमकताना दिसेल. आईच्या बॉक्सच्या रिमोटची भाषा अशी आहे: आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंदांचा अंधार आणि त्यामागून ३२ शून्य-एक. प्रत्येक झोतात उजेड सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे ट्यूबलाइटच्या उजेडात तो हरवत नाही. सगळा निरोप पापणी लवायच्या आत संपतो. पण तो एकाच दिशेनं जातो. मधे पडद्याची झालर आली, सेल उतरले, हात थोडा तिरका झाला, तरी रिमोटला त्याचा पत्ता नाही. त्यातून चालू करायचं आणि बंद करायचं बटण एकच. बॉक्स चालू आहे की नाही हे ठाऊक नसताना ते दाबलं तर चालू असलेला बॉक्स बंद पडतो. आईची निम्मी फजिती या एका बटणानं केली होती.

अमेरिकेत १९९९ मध्ये टिव्हो नावाचा रेकॉर्डर आला तेव्हा त्यालाही हाच प्रश्न पडला होता. ठरल्या वेळी केबलच्या बॉक्सवर चॅनल बदलायचं, पण त्या बॉक्सशी बोलायची सोय नाही. म्हणून रेकॉर्डरमधून एक बारीक वायर काढून तिच्या टोकाचा एलईडी बॉक्सच्या तोंडासमोर चिकटवायचे. रेकॉर्डर अंधारातून आकडे ओरडायचा. तीन आकड्यांतला एक बॉक्सनं ऐकला नाही तर तासभर भलताच कार्यक्रम रेकॉर्ड होऊन बसायचा. म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याला हाक मारायची युक्ती जुनी आहे. मला हवा होता तो लिमिट स्विच. आणि तो ठेवायला जागा एकच होती, पडदा.

सुटसुटीत वाट आधी चोखाळून पाहिली. बॉक्समधून टीव्हीत चित्र नेणाऱ्या एचडीएमआयच्या वायरीत १९ पिना असतात. त्यातली तेरावी यंत्रांनी आपापसात बोलण्यासाठीच राखून ठेवलेली आहे. टीव्हीनं 'मी चालू झालो' म्हटलं की बॉक्सनं जागं व्हावं, अशी कल्पना. आमच्या टीव्हीला ती भाषा येते, बॉक्सला येत नाही. मग वाटलं, एचडीएमआयमधून जाणारं चित्रच पकडावं. ते कुलूपबंद असतं, कॉपी होऊ नये म्हणून. मधे बसवलेल्या पेटीला नुसता काळा चौकोन मिळतो. ते कुलूप तोडायचं माझ्या मनात नव्हतं. तेव्हा बॉक्सच्या पाठीमागे नजर गेली. पिवळी, पांढरी, लाल अशी तीन जुनी भोकं तिथं धूळ खात होती. पिवळ्या भोकातून साधं चित्र अजून बाहेर येत होतं. ते कोणीच वापरत नव्हतं. शंभर-सव्वाशेच्या वायरीनं ते बाहेर काढलं, यूएसबीच्या डबीतून रास्पबेरी पायमध्ये घातलं. रास्पबेरी पाय म्हणजे तळहातावर मावणारा संगणक. त्यालाच एलईडी जोडला आणि काळ्या टेपनं बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटवला. आता बोलायला तोंड होतं आणि बघायला डोळा. वाचणारं डोकं राहिलं होतं.

अक्षरं वाचणारी यंत्रं मुळात कुणासाठी बनली हे मला या कामात पडल्यावर कळलं. १९१० च्या दशकात फूर्निए दाल्ब यांनी इंग्लंडमध्ये ऑप्टोफोन केला. छापील अक्षरावरून उजेड फिरवायचा आणि प्रत्येक अक्षराचे वेगवेगळे सूर ऐकू यायचे. अंध माणसानं ते सूर ऐकून शब्द लावायचे. १९७६ मध्ये रे कुर्झवाइल यांनी असं यंत्र दाखवलं, जे पुस्तकाचं पान बघून ते मोठ्यानं वाचत असे. तेही अंधांसाठीच. हेच तंत्र पार्सलावरचे पत्ते आणि गाडीच्या नंबरप्लेटाही वाचतं, पण त्याची सुरुवात आईसारख्यांपासून आहे.

मी वापरलं ते टेसरॅक्ट नावाचं, चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर. ते १९८५ ते १९९४ या काळात ह्युलेट-पॅकार्डच्या ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत घडलं, मग दहाएक वर्षं पडून राहिलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. पुढं गूगलनं ते सांभाळलं. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते अक्षर सुटं न बघता अख्खी ओळ एका दमात बघतं. मराठी आणि हिंदीच्या फाइली त्यात आहेत. कुणी अनोळखी माणसांनी बसून देवनागरीचे नमुने जमवले, म्हणून मला साताऱ्यात बसून ते फुकट वापरता आलं. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पण पुस्तकाचं पान आणि टीव्हीचा पडदा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पिवळ्या वायरीतून येणारं चित्र जेमतेम ५७६ ओळींचं. चॅनल बदललं की खाली जी पट्टी येते, तिच्यातलं अक्षर पंधरा ठिपक्यांएवढं उंच. टेसरॅक्टला ते वीस-तीस तरी लागतं. शिवाय अक्षर पांढरं, पट्टी अर्धी पारदर्शक आणि मागून मालिकेतल्या सुनेची जरीची साडी सरकत असते. पहिल्या दिवशी त्यानं चॅनलच्या नावाऐवजी नुसते स्वल्पविराम आणि कंस वाचले.

यावरचा उपाय सुचला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते आणि खिडकीच्या काचेवरचं स्टिकर बघत होते. बाहेरचं सगळं पळत होतं, स्टिकर जागच्या जागी. पट्टीवरचं अक्षरही तसंच, तीन-चार सेकंद हलत नाही. मागची साडी हलते. मग मी एक चित्र न घेता ओळीनं वीस चित्रं घेतली आणि प्रत्येक ठिपक्यापाशी त्या विसांतला सगळ्यात काळा ठिपका तेवढा ठेवला. साडीची जर एका चित्रात चमकली तरी दुसऱ्यात तिथं काळोख असतोच, त्यामुळे ती गळून पडली. अक्षर विसाच्या वीस वेळा पांढरं होतं, ते उरलं. मग ते तिप्पट मोठं केलं, पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं केलं. १२३ हा आकडा आणि शेजारी चॅनलचं नाव एखाद्या पाटीसारखं समोर आलं. त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी एकामागून एक चॅनलं लावून बघत होते.

आता आई या यंत्राचं बटण दाबते तेव्हा काय होतं ते सांगते. आधी यंत्र काहीच बोलत नाही, बघतं. चित्र पूर्ण काळं आणि हलत नसेल तर बॉक्स झोपलेला आहे, तरच ते चालूचं बटण. चित्र हलत असेल तर त्या बटणाला हात नाही. मग माहितीच्या बटणाचा निरोप पाठवून पट्टी वर आणायची आणि आत्ता कुठं आहोत ते वाचायचं. मग आकडे, एकामागून एक, मधे थोडं थांबत. दोन सेकंदांनी पुन्हा वाचायचं. १२३ च्या जागी २३ आलं तर पहिला आकडा हवेत विरला, पट्टी जाईपर्यंत थांबून पुन्हा सांगायचं. पडद्यावर चौकोन आला तर आधी चौकोन वाचायचा. पैसे भरायची आठवण असेल तर 'मागे', सिग्नल नसेल तर पावसाचा जोर बघून थोडी वाट. तीनदा जमलं नाही तर गप्प बसायचं आणि मला त्या क्षणाचं चित्र पाठवायचं. टीव्ही चालू आहे का हे त्याच्या पाठीवरच्या यूएसबीच्या भोकात वीज आहे की नाही यावरून कळतं. तिथं पडदा वाचायची गरज पडली नाही.

बटणं चार. ओळखीच्या सुताराकडून सागवानी फळकूट घासून घेतलं, त्यावर डोअरबेलची मोठी बटणं बसवली. कुठलं कुठलं हे कळायला मी उंचवट्याचे ठिपके मागवणार होते. आई उठून स्वयंपाकघरात गेली, डबे हातानं चाचपत एकेक दाणा घेऊन आली. मूग, हरभरा, चिंचोका, साबुदाणा. "आयुष्यभर निवडण-टिपण केलंय, हे बोटाला कळतात," म्हणाली. फेविकॉलनं चिकटवून वर नेलपॉलिशचा हात दिला. चिंचोका म्हणजे सातची मालिका. मूग म्हणजे सह्याद्री, तिथले जुने गाण्यांचे कार्यक्रम तिला लागतात. हरभरा बातम्या. साबुदाणा म्हणजे सगळं बंद.

बोलण्यासाठी मी आधी संगणकाचा मराठी आवाज लावला होता. आईनं दोन दिवस ऐकला आणि म्हणाली, "हा कोण माणूस घरात बसलाय? तुझ्या आवाजात बोलू दे." मग एका रविवारी मी तीसएक वाक्यं भरली. 'आई, लावते हं.' 'जरा थांब, पाऊस आहे वाटतं.' 'आई, लागलं.' रस्त्यावर गाडी वाजली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं वाक्य मी अकरा वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी ते फोनवरच्यासारखं येत नव्हतं.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. हे सगळं मला करावंच का लागलं? मी बॉक्सवाल्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारलं, अंध किंवा अंधुक दिसणाऱ्या माणसासाठी बोलणारा मेनू आहे का. पलीकडच्या मुलीनं मला दोनदा प्रश्न परत विचारायला लावला आणि मग मोठ्या बटणांच्या रिमोटची किंमत सांगितली. तिची चूक नाही, तिला तसं काही शिकवलेलंच नव्हतं. अमेरिकेत २०१० साली यासाठी कायदा झाला आणि डिसेंबर २०१६ पासून मोठ्या केबल कंपन्यांना मागणाऱ्या अंध ग्राहकाला बोलणारा मेनू द्यावा लागतो. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. त्याचं ४२ वं कलम सांगतं की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सगळ्यांना वापरता येतील अशा रचनेची मिळावीत यासाठी सरकारनं पावलं उचलावीत. मुंबईत २०१२ ला आणि पुण्या-नाशकात २०१३ ला केबलचं डिजिटायझेशन झालं, मग ते छोट्या गावांपर्यंत गेलं. बॉक्स नसेल तर टीव्ही दिसणार नाही अशी सक्तीच होती. जुन्या केबलला नुसतं गोल बटण फिरवलं की चॅनल यायचं, त्याला वाचावं लागत नव्हतं. घरोघरी पेटी द्यायची सक्ती करता आली, मग त्या पेटीला दोन शब्द बोलायला लावायची सक्ती का करता येऊ नये? पडद्यावर जे अक्षर उमटतं ते पेटीच्या पोटात आधी अक्षर म्हणूनच असतं. पेटी त्याचं चित्र करते आणि मी त्या चित्रातून पुन्हा अक्षर उकरून काढते. हे उकरणं मला आवडतं, पण साताऱ्यातल्या प्रत्येक आईची मुलगी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नसते.

मागच्या दिवाळीनंतर एकदा चॅनलांचे आकडे बदलले. मला पत्ताच नव्हता. दोन आठवड्यांनी साताऱ्याला गेले तेव्हा यंत्रानं लिहून ठेवलेली नोंद वाचली. चिंचोका दाबला, आकडा बरोबर गेला, पण पट्टीवरचं नाव भलतंच. पुन्हा तोच आकडा, पुन्हा तेच नाव. मग ते एकेक चॅनल पुढं सरकत, प्रत्येक पट्टी वाचत गेलं आणि सतराव्या पायरीवर नाव जुळलं. नवा आकडा त्यानं लिहून घेतला. हे मीच त्याला शिकवलं होतं, तरी ती नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली. आईला विचारलं तर म्हणाली, "हो, एक दिवस जरा उशीर लागला खरा. तुझा आवाज म्हणत होता, शोधते हं."

अलीकडे काम चाललंय ते हरभऱ्याचं. बातम्या लागल्या की आईला खालची पट्टी हवी असते. तिचं माहेर कऱ्हाडचं. मामाचं घर नदीपासून फार लांब नाही आणि २०१९ चा पूर तिच्या मनातून गेलेला नाही. पावसाळ्यात निवेदक मुंबईचं राजकारण सांगत असतो आणि कोयनेचं पाणी मात्र खालच्या पट्टीतून गुपचूप सरकत जातं. पट्टी देवनागरीत. इथं वीस चित्रांची युक्ती चालत नाही, कारण अक्षरच पळतं. त्याचे तुकडे घेऊन शेवटाला शेवट जुळवत न्यावं लागतं. आणि आपली लिपी! शिरोरेषेनं सगळी अक्षरं एका दोरीला बांधलेली, त्यामुळे एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं हेच आधी ठरवावं लागतं. इतक्या बारीक चित्रात अनुस्वार गळतो, 'ब' चा 'व' होतो, 'थ' चा 'य' होतो. 'ध' आणि 'घ' यांत फरक काय, तर डोक्यावरची रेघ सलग आहे की सुरुवातीला किंचित तुटलेली. ती फट एका ठिपक्याची. कधी असते, कधी नसते.

जुलैतल्या एका शनिवारी मी तिकडेच होते. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. आईनं फळकूट मांडीवर घेतलं, अंगठ्यानं हरभरा शोधला आणि दाबला. आधी माझा आवाज आला, मग पट्टी वाचायला संगणकाचा. त्यानं वाचलं, "कोयना घरणाचे सहा वक्र दरवाजे…" आणि तुकडा न जुळल्यामुळे तिथंच थांबलं.

मी चूक लिहून घ्यायला वही उघडत होते. आई शोकेसकडे तोंड करून, मान जराशी कलती ठेवून म्हणाली, "घरण नाही रे बाबा, धरण. आणि किती फुटांनी उचललेत, ते सांग की."

पट्टी पुढं गेली होती. हरभऱ्यावर अंगठा तसाच ठेवून आई ती परत यायची वाट बघत बसली.